कमी काय आहे, आत्मविश्वास की अधिकार?

महिला सरपंचांचं शिबिर म्हटलं की विषय ठरलेले असतात : आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व विकास, सभेत धीटपणे कसं बोलावं. म्हणजे कमी आहे ती बाईतच, हे आधीच ठरलेलं.

हे गृहीत किती पोकळ आहे, ते रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ सालीच दाखवलं होतं. संघटनांमध्ये नवे बदल कसे घडतात यावरचं त्यांचं पुढचं लिखाण व्यवस्थापनवाल्यांनी उचलून धरलं. 'मेन अँड विमेन ऑफ द कॉर्पोरेशन' हे पुस्तक मात्र आपल्या कामाचं. एका मोठ्या कंपनीत त्यांनी पाहिलं, की जबाबदारी आहे पण अधिकार नाही, असं माणूस किरकिरं होतं, नियमाला चिकटतं, हाताखालच्यांना जाचतं. मग ते बाई असो वा पुरुष. 'बाई साहेब झाली की छळते' या आपल्याकडच्या लाडक्या वाक्याला याहून चोख उत्तर नाही! शंभरात पंधरापेक्षा कमी बायका असल्या की प्रत्येकीवर सगळ्यांची नजर असते आणि एकीची चूक साऱ्या बायकांच्या खात्यावर मांडली जाते, हेही त्यांनीच नोंदवलं.

पण संख्या वाढली की पुष्कळसं सुटेल, हा त्यांचा भरवसा मला पटत नाही. क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये नर्सिंग, प्राथमिक शिक्षण आणि समाजकार्यातले पुरुष अभ्यासले. तिथे पुरुष मूठभर. तरी त्यांची अडवणूक होण्याऐवजी त्यांना वर ढकललं जात होतं. म्हणजे नुसतं थोडं असणं नडत नाही. बाहेर सत्ता कोणाची, ते नडतं.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आता मूठभर कोण म्हणेल? तरी सरपंचपती आहेतच, कारण ठेकेदार, पक्ष, तालुक्याच्या कचेरीतल्या ओळखी, सगळं पुरुषांच्या हातात. तिथं धीटपणाचं शिबिर काय करणार? तिला पंचायतीचा हिशेब वाचता आला पाहिजे, ठरावाची नक्कल मागितल्या दिवशी मिळाली पाहिजे, आणि नवरा खुर्चीत बसला तर त्याला उठवायला गावातल्या दहा बायका सोबत पाहिजेत.

आणि मैत्रिणींनो, आपल्या संस्थांतही बघा. वस्तीत फिरणाऱ्या सगळ्या बायका. चेकवर सही कोणाची?