ऑपरेशन करायचं की शेक घ्यायचे?



या वेळचा विषय जरा अडचणीचा आहे. मसोलीतल्या दोन घरांतून आम्हाला थोड्या दिवसांच्या अंतराने एकच प्रश्न आला. घरातल्या बुजुर्गांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, गाठ असलेली ग्रंथीच काढून टाकू. दुसरे म्हणाले, कापाकापी नको, रेडिएशन घ्या. रेडिएशनला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. मुलगा वैतागून म्हणाला, "सर, दोघंही मोठे डॉक्टर. मग यातला खोटा कोण?"

आम्ही शाळेत शिकवणारी माणसं, डॉक्टर नाही. पण कागद वाचणं, विचारणं आणि समजेल अशा भाषेत सांगणं हे आमचं रोजचं काम आहे. म्हणून या प्रश्नावर जेवढं नीट कळलं तेवढं इथे मांडतो. त्या मुलाला आम्ही सांगितलं ते असं, की यात खोटा कोणीच नसू शकतो. सर्जनला सर्जरी दिसते आणि रेडिएशनवाल्याला रेडिएशन दिसतं. सुतार आणि गवंडी यांना एकच घर दाखवलं तर दोघं वेगवेगळी दुरुस्ती सांगतील, तसं हे आहे.

आधी ही ग्रंथी काय ते पाहू. प्रोस्टेट फक्त पुरुषांना असते, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी. आकार आपल्या डहाणूच्या लहान चिकूएवढा, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की ही ग्रंथी बहुतेकांची फुगते. रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक होते. हा कॅन्सर नव्हे. कॅन्सरचा संशय बहुधा रक्तातल्या पीएसएच्या तपासणीतून येतो. पीएसए चारच्या वर गेला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. सूज आणि जंतुसंसर्गानेही तो वाढतो. खात्री होते ती एमआरआय आणि बायोप्सीनंतर.

बायोप्सीच्या कागदावर एक आकडा असतो, ग्लीसन स्कोअर. सहा, सात, आठ, नऊ किंवा दहा. अर्धा निर्णय या आकड्यात आहे, आणि आमच्या पाहण्यात नेमका तोच कोणी वाचत नाही. सहा म्हणजे संथ जातीचा. सात म्हणजे मधला. आठ ते दहा म्हणजे आक्रमक. त्याला पीएसए जोडून पाहतात: दहाच्या आत, दहा ते वीस, वीसच्या वर. त्यानंतर गाठ ग्रंथीच्या आतच आहे की बाहेर पडली आहे, आणि हाडांपर्यंत पोचली आहे का, हे स्कॅनमध्ये दिसतं. हे चार मुद्दे माहीत नसताना ‘ऑपरेशन की शेक’ विचारणं म्हणजे तिकीट कुठलं काढायचं ते न ठरवता खिडकीवर उभं राहणं. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर प्रश्नच बदलतो. तेव्हा मुख्य भर औषधांवर आणि इंजेक्शनांवर असतो.

आता संथ जातीच्या कॅन्सरबद्दल, जो ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. त्यात तिसरा रस्ताही आहे: काहीच न करणं. म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. ठरावीक महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय आणि बायोप्सी, आणि वाढ दिसली तरच इलाज. ‘कॅन्सर पोटात ठेवून घरी बसायचं?’ असं आमच्या ओळखीच्या एका खालांनी विचारलं होतं. त्यांच्या जागी आम्हीही हेच विचारलं असतं. पण याला आधार आहे. ब्रिटनमध्ये 1999 ते 2009 या काळात 50 ते 69 वयाच्या 1,643 पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. कॅन्सर ग्रंथीतच असलेल्या या माणसांना चिठ्ठी टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर फक्त नजर. सुमारे पंधरा वर्षांनी, 2023 मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला. या सगळ्यांत मिळून प्रोस्टेटच्या कॅन्सरने मेलेले 45 जण, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नाही. फक्त नजर ठेवलेल्यांत कॅन्सर दूर पसरण्याचं प्रमाण मात्र सुमारे 9 टक्के होतं, इतर दोन्ही गटांत सुमारे 5 टक्के.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन आणि शेक यांत जीव वाचवण्याच्या बाबतीत हार-जीत नाही. फरक आहे तो नंतरच्या जगण्यात. आणि ते जगणं डॉक्टरांचं नसतं, आपलं असतं.

ऑपरेशनमध्ये पूर्ण ग्रंथी काढतात, पोट उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने. काही दिवस दवाखान्यात, मग लघवीची नळी एक-दोन आठवडे. फायदा असा की काढलेली ग्रंथी तपासल्यावर आजार नेमका किती होता ते कळतं, पीएसए जवळजवळ शून्यावर येतो, आणि पुढे तो पुन्हा वाढला तर शेक देता येतात. उलट, आधी शेक घेतले आणि मग ऑपरेशनची वेळ आली, तर ते फार अवघड जातं. तोटा म्हणजे लघवी थेंबथेंब गळणं. त्या ब्रिटिश अभ्यासात ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी जवळजवळ निम्मे पुरुष पॅड वापरत होते. सहा वर्षांनीही 17 टक्के वापरत होते, तर रेडिएशनवाल्यांत 4 टक्के.

आमच्या बुजुर्गांनी डॉक्टरांना खर्च विचारला नाही, किती वर्षं जगेन तेही विचारलं नाही. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "थेंब गळत राहिले तर माझी नमाज कशी होणार?" मुलांना वाटलं, जिवावर बेतलंय आणि अब्बा हे काय घेऊन बसले. आम्हाला मात्र हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. पन्नास वर्षं जो माणूस फजरला पहिल्या सफमध्ये उभा राहिला, त्याला ‘आता तू नापाक’ असं मनातून वाटू लागलं, तर कॅन्सर बरा होऊनही तो घरात कोंडून घेईल. पॅडच्या लाजेने जुम्म्याला जाणंही सोडलेले लोक आम्हाला माहीत आहेत.

तर हे ऐका. ज्याची लघवी थांबत नाही त्याला फिकहमध्ये ‘माजूर’ म्हणतात, आणि त्याच्यासाठी सवलत आहे. हनफी मस्लकात अशा माणसाने प्रत्येक नमाजचा वक्त सुरू झाल्यावर ताजा वुजू करायचा, आणि त्या वक्तात थेंब गळल्याने तो वुजू तुटत नाही. शाफई मस्लकात प्रत्येक फर्ज नमाजसाठी स्वच्छता करून, पॅड बदलून वेगळा वुजू. माजूर कोणाला म्हणायचं याच्याही अटी आहेत. खोकल्यावर एखादा थेंब येणारा आणि दिवसभर गळणारा सारखे नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या आधीच आपल्या मस्लकाच्या आलिमांकडे जाऊन, लाज न बाळगता, नेमकं विचारून घ्या. नळी लावलेली असतानाचंही विचारा. आमच्या बुजुर्गांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहराच सैल झाला.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घेतला तर गळणं लवकर आटोक्यात यायला मदत होते. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच हे. फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात.

दुसरा परिणाम नवरा-बायकोच्या नात्यावर होतो. या मासिकात तो शब्द लिहायचा की नाही यावर आम्ही विचार केला. पण ग्रंथीला लागूनच ताठरतेच्या नसा जातात, आणि ऑपरेशनने त्या दुखावतात. त्या अभ्यासात सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटातल्या 12 टक्के पुरुषांनाच संबंध शक्य होते, रेडिएशनच्या गटात 22 टक्के. इलाजाआधी हाच आकडा 67 टक्के होता. पुढे थोडी सुधारणा होते, वयानेही घट होतेच. हे बायकोपासून लपवून फॉर्मवर सही करणारे पुरुष आहेत. हया आपल्या जागी, पण जिचा हक्क आहे तिला न विचारता घेतलेला हा निर्णय आम्हाला तरी बरोबर वाटत नाही.

शेक म्हणजे बाहेरून यंत्राने किरण देणं. भाजत नाही, दुखत नाही, रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. पूर्वी सात-आठ आठवडे जावं लागे. आता बऱ्याच ठिकाणी चार आठवड्यांत वीस शेक, आणि निवडक रुग्णांना जास्त ताकदीचे पाचच. त्रास होतो तो वारंवार लघवी, जळजळ, जुलाब यांचा, आणि काहींना महिन्यांनी-वर्षांनी शौचावाटे रक्त. मधल्या आणि आक्रमक जातीत शेकांबरोबर हॉर्मोनची इंजेक्शनं देतात, कधी सहा महिने, कधी दोन-तीन वर्षं. त्यांनी अंगात गरम वाफा येतात, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. आपल्या घरांत मधुमेह किती आहे ते सांगायला नको. हे डॉक्टरांना आधी सांगा.

एक बारीक गोष्ट. प्रत्येक शेकाच्या आधी पाणी पिऊन पिशवी भरलेली ठेवायला सांगतात, म्हणजे आतडी बाजूला राहतात. रोजा ठेवून हे जमत नाही. बीमाराला रोजा पुढे ढकलून कजा करायची मुभा आहे. गुपचूप रोजा ठेवून रिकाम्या पिशवीने शेक घेऊ नका, नुकसान आपल्याच आतड्यांचं होतं.

आक्रमक जातीत निवड आणखी गुंतते, कारण ऑपरेशन करूनही अनेकांना नंतर शेक घ्यावेच लागतात, म्हणजे दोन्हींचा त्रास. अशा रुग्णांना शेक फक्त ग्रंथीला द्यावेत की आजूबाजूच्या लसिकाग्रंथींनाही, याचा अभ्यास मुंबईतल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीच 224 रुग्णांवर केला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी, पूर्ण कटिभागाला शेक मिळालेल्यांपैकी 95 टक्क्यांचा आजार पीएसएनुसार आटोक्यात होता, फक्त ग्रंथीला शेक मिळालेल्यांपैकी सुमारे 81 टक्क्यांचा. एकूण जगण्यात मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही.

आता मसोलीचा हिशेब. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आली तरी दादर दोन-अडीच तासांवर आहे, तिथून परळ. ऑपरेशनला एकदा जाऊन राहायचं. शेकांना आठवड्यातले पाच दिवस, चार आठवडे. सत्तरीच्या माणसाला, तेही दर अर्ध्या तासाने लघवीला उठणाऱ्याला, हा रोजचा प्रवास झेपत नाही. मुंबईत राहायची सोय आधी पाहावी लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि वांद्र्याचं टाटाचं बोर्जेस होम रुग्णांसाठीच आहेत, पण जागेसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून जावं लागतं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे. तिचा दाखलाही रुग्णालयच देतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि सत्तरीपुढच्यांना 2024 पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. पण रुग्णालय योजनेत आहे का, आणि रोबोटचा खर्च त्यात बसतो का, हे भरती होण्याआधी विचारा.

आमच्या बुजुर्गांचा ग्लीसन सात होता, साखर जुनी, एकदा हृदयाचा झटकाही येऊन गेलेला. दोन्ही शाखांच्या डॉक्टरांना भेटून, घरात मशवरा करून आणि इस्तिखारा करून त्यांनी शेक निवडले. मुंबईत बहिणीचं घर होतं, हेही एक कारण. दुसऱ्या घरातले भाई साठीचे, तब्येतीने धडधाकट. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. नेल्सन मंडेला यांना 2001 मध्ये, 83व्या वर्षी हा आजार निघाला. त्यांनी रेडिएशन घेतलं आणि त्यानंतर बारा वर्षं जगले. अमेरिकेचे कॉलिन पॉवेल यांनी 2003 मध्ये, साठी ओलांडल्यावर, ऑपरेशन केलं.

लपवण्याचं मात्र काय करावं? अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी डिसेंबर 2023 मध्ये याच आजाराचं ऑपरेशन केलं आणि आपल्या राष्ट्राध्यक्षांनाही सांगितलं नाही. जंतुसंसर्ग होऊन पुन्हा भरती व्हावं लागलं तेव्हा सगळं उघड झालं. इतका मोठा माणूस लाजतो, तर मसोलीतला माणूस लाजणारच. पण लाजेपायी पीएसएचा कागद कपाटात वर्षभर पडून राहतो, आणि ते वर्ष परत मिळत नाही.

उलट, कागद हातात आल्यावर आठ दिवसांत ऑपरेशन उरकायची धावपळही नको. ग्रंथीतच असलेल्या आजारात दुसरं मत घ्यायला काही आठवडे सहसा मिळतात. फक्त पाठीत-हाडांत सतत दुखणं, पायांत अशक्तपणा किंवा लघवी अडकणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाताना बायोप्सीचा कागद, पीएसएचे जुने सगळे आकडे, एमआरआयची सीडी आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये घ्या. सर्जनला विचारा: तुमच्या रुग्णांपैकी वर्षानंतर किती जण पॅड वापरतात? रेडिएशनवाल्यांना विचारा: किती शेक, हॉर्मोन किती महिने, आणि माझ्या साखरेचं काय? आणि दोघांनाही विचारा: काहीच न करता नजर ठेवली तर माझ्या बाबतीत चालेल का? उत्तरं तिथेच लिहून घ्या. घरी येईपर्यंत विरारच्या पुढे सगळं विसरायला होतं.