जिताड्याचे दूध तोडायचे कुणी?



वासराचे दूध कधी तोडायचे हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. लवकर तोडले तर वासरू खंगते, उशिरा तोडले तर दुधाचा हिशेब बुडतो. जिताड्याच्या शेतीत नेमका हाच प्रश्न आहे. तो सोडवण्याचे काम मात्र बरेचदा बीज विकणारा करीत नाही, शेतकऱ्याच्या गळ्यात घालतो.

अलिबाग, पेण, उरणच्या खारेपाटाला जिताडा नवा नाही. पावसाळ्यात खाडीतली पिल्ले धरायची, तळ्यात सोडायची, बारीक मासळी घालून वाढवायची, ही जुनी रीत. पण खाडीच्या बिजाचा भरवसा नाही. थायलंडने १९७०च्या दशकात जिताड्याची कृत्रिम वीण साधली. आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेला १९९७ साली ती जमली आणि उबवणी केंद्रातल्या बिजाची वाट मोकळी झाली.

आता हे बीज वाढते कसे ते पाहा. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचे. दोन-तीन दिवसांनी तोंड उघडते, पण जठर अजून तयार नसते. कोरडा दाणा त्याला पचत नाही आणि हलत नाही ते त्याला खाणे वाटत नाही. म्हणून आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि मग आर्टेमियाची पिल्ले द्यावी लागतात. आर्टेमियाची अंडी डब्यात भरून परदेशातून येतात; त्यांचा एक मोठा साठा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात आहे. अर्थात हे खाणे महाग.

साधारण तिसऱ्या आठवड्यात जठर काम करू लागते. तीच दाण्यावर वळवण्याची वेळ. रव्यासारखा बारीक दाणा दिवसातून अनेकदा थोडा थोडा टाकायचा, त्याच वेळी आर्टेमिया हळूहळू कमी करायचा. दाणा तळाशी साचला तर पाणी नासते, म्हणून रोज तळ साफ करायचा. शिवाय जिताडा आपल्याच भावंडांना खातो. स्वतःच्या लांबीच्या दोन तृतीयांश लांबीचे पिल्लू तो गिळू शकतो. म्हणून तीन-चार दिवसांनी चाळून लहान-मोठे वेगळे करावेच लागतात. हे काम टाक्या, हवेचे पंप आणि जाणती माणसे असतील तिथेच नीट होते.

मग हे अर्धे काम सोडून पिल्ले का विकायची? जिवंत खाण्यावरचे पिल्लू शेतकऱ्याच्या तळ्यात पडले की दाण्याकडे बघत नाही. उपाशी राहते किंवा शेजाऱ्याला खाते. समजा, हजार बोटुकल्या घेतल्या आणि तीनशे जगल्या, तर प्रत्येक माशामागे बिजाची किंमत तिपटीहून अधिक झाली. स्वस्त बीज ते हेच! जगलेल्यांना बारीक मासळीच घालत बसलात तर एक किलो जिताड्याला चार ते दहा किलो मासळी लागते. दाण्यावर वळलेल्या माशाला साधारण दीड-दोन किलो दाणा पुरतो. दाणा महाग असला तरी तो वर्षभर मिळतो आणि साठवता येतो. बारीक मासळी पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत आणायची कुठून?

मी शिकलो पिकांचे शास्त्र. ऊतिसंवर्धित केळीचे रोप बाटलीतून काढून कुणी थेट शेतात लावीत नाही. रोपवाटिकेत त्याला बाहेरच्या हवेची सवय लावतात, मगच ते विकतात, आणि त्याचा खर्च रोपाच्या भावात धरलेला असतो. जळगावच्या शेतकऱ्याला जो न्याय, तो खारेपाटाच्या शेतकऱ्याला का नाही?

केंद्रवाले म्हणतील, खर्च वाढेल. वाढेल ना! पण तो खर्च आजही होतोच आहे. फक्त तो बिलात दिसत नाही, तळ्यात मरून पडलेला दिसतो. वळवलेल्या बोटुकलीला दोन पैसे जास्त देऊ, पण मेलेल्या पिल्लाचे पैसे देणार नाही.

तेव्हा जिल्ह्याच्या बैठकीत तीन मागण्या ठरवू या. पहिली, बीज दाण्यावर वळवून आणि चाळूनच विकावे. भाव लांबीप्रमाणे ठरावा. दुसरी, घेणाऱ्यासमोर टाकीत मूठभर दाणा टाकावा. पिल्ले वर झेपावून खातील तरच मोजणी सुरू. तिसरी, सरकारी केंद्रांनी कोकणातच अशी संगोपनगृहे उभारावीत आणि गावच्या तरुणांना ते काम शिकवावे.

आपल्यालाही शिस्त हवी. बोटुकल्या आल्या की आधी तळ्यात हापा बांधून त्यात ठेवा, केंद्रात होता तोच दाणा सुरू ठेवा, चाळणी चुकवू नका. पोरांना हौस म्हणून कोळंबी टाकू देऊ नका. एकदा चटक लागली की मासा पुन्हा दाण्याला तोंड लावायला कुरकुरतो.

बीज घ्यायला जाल तेव्हा आधी भाव विचारू नका. आधी विचारा, दाणा खाते का?