कुंपणच शेत खाऊ लागले तर?

अणुकेंद्राची सुरक्षा म्हटली की उंच तट, काटेरी तारा आणि बंदूकधारी पहारेकरी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. शत्रू बाहेरून येणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु ज्यांना तट ओलांडण्याची गरजच नव्हती, अशा माणसांनीही या क्षेत्रात वेळोवेळी हाहाकार उडवला आहे.

रशियातील पोदोल्स्क येथील ‘लुच’ संस्थेत १९९२ साली एका जुन्या कर्मचाऱ्याने सुमारे दीड किलो अतिसमृद्ध युरेनियम थोडे थोडे करून घरी नेले. प्रक्रियेत ठरावीक घट नियमानेच मान्य होती. हा गृहस्थ काम काटकसरीने करी आणि घटीतून वाचलेला अंश बाहेर नेई. कागदोपत्री हिशेब चोख जुळत राहिला! चलनवाढीने पगार मातीमोल झाला होता आणि घरात फ्रिज व शेगडी घ्यायची होती, एवढाच त्याचा हेतू. तो सापडला तोही निव्वळ योगायोगाने. दक्षिण आफ्रिकेतील कोबर्ग येथे १९८२ साली आतल्याच माणसाने चार सुरुंग पेरले. त्याची प्रेरणा वंशभेदाविरुद्धचा लढा ही होती. बेल्जियममधील डूल येथे २०१४ साली कोणीतरी झडप उघडून टर्बाइनचे सुमारे ६५ हजार लिटर वंगणतेल वाहू दिले. त्या हाताचा धनी कोण, हे मात्र उघड झाले नाही.

आपणही या अनुभवाला अपवाद नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा येथे नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले. पन्नासाच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या मूत्रतपासणीत ते उघडकीस आले. हे आतल्याच कोणाचे तरी कृत्य असल्याचे अणुऊर्जा खात्याच्या धुरीणांनीच सांगितले.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की आपल्याच सहकाऱ्यांकडे संशयाने पाहू लागल्यास संस्थेतील विश्वास नष्ट होईल. हा आक्षेप वरवर उदात्त वाटतो. वस्तुतः तो फसवा आहे. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, म्हणून कोणता रोखपाल अपमानित होतो? परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे पाकीट साक्षीदारांसमोर फोडावे लागते, म्हणून कोणता शिक्षक रुसतो? नियम सर्वांना सारखा असला की तो संशय राहत नाही, शिस्त होते. संशय जन्मतो तो साहेबाला सूट आणि शिपायाची झडती या व्यवहारातून.

म्हणून संवेदनशील कामात एकट्याला कोणी जाऊ नये, हा दंडक अधिकाऱ्यांनाही लागू हवा. पोदोल्स्कने शिकवल्याप्रमाणे, ‘मान्य घट’ हा शब्द हिशेबनिसाने शंकेने वाचला पाहिजे. परंतु एवढ्याने भागणार नाही. ज्याची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे कोणी ऐकत नाही, तो कंत्राटी कामगारही सुरक्षेचाच प्रश्न आहे. आणि विसंगती दाखवून देणाऱ्याची बदली होते, अशी ज्या कार्यालयाची ख्याती, तेथे पुढच्या वेळी सर्वजण मौन पाळतात.

तटाची उंची वाढवणे सोपे असते. त्याला निविदा काढली की पुरते. तटाच्या आत बोलण्याचे धैर्य आणि ऐकण्याची सवय रुजवणे, हे त्याहून कितीतरी कठीण काम आहे. तारापूरपासून कल्पाक्कमपर्यंतच्या आपल्या केंद्रांची खरी कसोटी तेथेच लागणार आहे.