आजार, कायदा आणि सप्तपदी

रेल्वेत नोकरी करणारे संघ स्वयंसेवक सदाशिव गोविंद कात्रे यांना कुष्ठरोगाने गाठले. समाजाने रोग्याला दिलेली वागणूक त्यांनी स्वतः भोगली आणि १९६२ साली चांपा येथे भारतीय कुष्ठनिवारक संघाची स्थापना केली. त्या वेळी सात वर्षांच्या झालेल्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद होते. पुढे बहुविध औषधोपचार आले, रोग पूर्ण बरा होऊ लागला. कायद्यातले कलम मात्र तसेच राहिले. कात्रे गुरुजींचे कार्य पुढे नेणारे दामोदर गणेश बापट यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, तेव्हाही ते होतेच. २०१९ च्या फेब्रुवारीत संसदेने ते वगळले. हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती अशा सर्वांच्या कायद्यांतून ते एकाच वेळी गेले, हेही लक्षात ठेवण्याजोगे. (सर्वांना एकच न्याय लावता येतो, तो असा.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बापट गेले.

कुष्ठरोगाचा कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला. मनोविकाराचा घराघरांत शिल्लक आहे. कलम १३ नुसार जोडीदाराच्या मनोविकारावरून घटस्फोट मागता येतो. पण कायद्याची भाषा बारकाईने वाचली पाहिजे. विकार आहे एवढे पुरत नाही. तो अशा स्वरूपाचा आणि इतका तीव्र हवा की, अर्जदाराने सोबत राहावे अशी अपेक्षा करणे वाजवी ठरू नये. छिन्नमनस्कतेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली हेच बजावले : रोगाचे नाव सिद्ध करून भागत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. २०१३ साली एका डॉक्टर पतीची मागणी फेटाळताना न्यायालयाने पाहिले की, जिला वेडी ठरवले जात होते ती पत्नी स्वतः डॉक्टर असून सरकारी सेवेत काम करीत होती.

तरीही सुशिक्षित घरांत काय घडते? मानसोपचारतज्ज्ञाची एक चिठ्ठी हाती लागली की ती जपून ठेवली जाते, आणि कुरबूर वाढली की वकिलाच्या टेबलावर जाते. पतीच्या अर्धांगवायूत वर्षानुवर्षे उशाशी बसणाऱ्या स्त्रियांचे कौतुक करणारा समाज पत्नीच्या नैराश्याची गोळी पाहून तिला माहेरी पाठवतो. सप्तपदी दोघांची असते, याचा सोयीस्कर विसर पडतो. कायद्याने दार उघडे ठेवले आहे ते खरोखर असह्य झालेल्यांसाठी. जिवाला धोका असताना कोणी सोबत राहावेच, असे संस्कारांच्या नावाने सांगणे हा ढोंगीपणा होय.

मात्र दुसरी बाजूही तितकीच कटू आहे. पुष्कळ खटल्यांच्या मुळाशी आजार नसतो, लपवलेला आजार असतो. 'लग्न झाले की सुधारेल' या समजुतीने मुलाचे किंवा मुलीचे उपचार दडवून अक्षता टाकल्या जातात. औषधे बंद केली जातात आणि काही महिन्यांतच रोग उसळतो. मग फसवणुकीच्या मुद्द्यावर विवाहच रद्द करण्याची मागणी येते आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. सावित्रीचा दाखला आपण पातिव्रत्यासाठी देतो. पण सत्यवानाचे आयुष्य एकाच वर्षाचे आहे, हे नारदांनी तिला आणि तिच्या पित्याला विवाहापूर्वीच स्पष्ट सांगितले होते, ही गोष्ट मात्र वटपौर्णिमेला कोणी सांगत नाही. तिने जाणून निवड केली, म्हणून तिची निष्ठा तिची स्वतःची होती.

अपस्मार आता विवाहाला बाधा मानला जात नाही. १९९९ साली तो शब्द कायद्यातून गेला. तरीही फेफऱ्याचा विषय स्थळ पाहताना आजही निघत नाही. नाडी, गण, मंगळ यांची चौकशी चार-चार ज्योतिष्यांकडे होते; नियमित औषध चालू आहे का, हे विचारायला जीभ उचलत नाही. गावोगावी वधूवर मेळावे भरवणाऱ्या ज्ञातिसंस्थांनी आपल्या अर्जात शिक्षण आणि पगार यांच्या खाली आरोग्याचा एक रकाना घालावा, आणि उत्तर 'होय' आले तर दोन्ही कुटुंबांना एकत्र डॉक्टरांसमोर बसवावे.