किशोरवयाची मुदत कोणाला?

दिवाळी उलटली की कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि कराड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील रस्त्यांवर बीड जिल्ह्याकडून येणाऱ्या ट्रॉल्या दिसू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पाण्याची पिंपे, सरपण, एखाद-दुसरी शेळी आणि या सर्व पसाऱ्यावर बसलेली माणसे असतात. त्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुली असतात. त्याच रस्त्याच्या कडेने त्याच वयाच्या गावातील मुली गणवेश घालून, सायकलीवरून हायस्कुलाकडे निघालेल्या असतात. दोघींचे वय एक आहे. किशोरवय मात्र त्यांपैकी एकीच्याच वाट्याला आले आहे.

हे विधान चमत्कारिक वाटेल. शरीराची वाढ कोणाची जात-पात पाहून होत नाही. हाडे लांब होतात, आवाज फुटतो, पाळी येते, मन एकाएकी हळवे आणि एकाएकी बंडखोर होते, हे राजवाड्यात होते तसे पालातही होते. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस ही वर्षे किशोरवयाची मानते आणि ती सर्वांनाच येतात. परंतु ही वर्षे येणे आणि त्या वर्षांत जे घडावयास हवे ते घडणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रॉबर्ट हॅविगहर्स्ट या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४८ साली प्रत्येक वयाची ‘विकासकार्ये’ मांडली. बदललेले शरीर आपले म्हणून स्वीकारणे, बरोबरीच्या मुलामुलींशी प्रगल्भ संबंध जोडणे, आईवडिलांपासून भावनिकदृष्ट्या स्वतंत्र होणे, चरितार्थाची आणि संसाराची तयारी करणे, स्वतःची मूल्ये ठरवणे, समाजाच्या कामात जबाबदारीने उतरणे, अशी किशोरवयाची कार्ये त्यांनी सांगितली. या यादीतील ‘तयारी’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. संसाराची तयारी म्हणजे संसार नव्हे, आणि चरितार्थाची तयारी म्हणजे पहाटे चार वाजता हातात घेतलेला कोयता नव्हे.

एरिक एरिक्सन यांनी, ज्यांनी पुढे १९६९ साली गांधीजींच्या अहमदाबादच्या गिरणी सत्याग्रहावर ग्रंथ लिहिला, या वयाचे मर्म अधिक नेमके पकडले. समाज तरुण होऊ घातलेल्या मुलाला काही काळ प्रौढपणाच्या जबाबदाऱ्यांतून सूट देतो. त्या काळात ते मूल निरनिराळ्या वाटा चाचपून पाहते, चुकते, परत फिरते आणि आपण कोण आहोत हे ठरवते. या काळाला त्यांनी जो शब्द वापरला तो मॉरेटोरियम, म्हणजे कर्जफेडीला मिळणारी मुदत. शेतकऱ्यांच्या घरांत हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुदत मागणारे सर्वच असतात. ती मिळते ज्याची पत असते त्याला. किशोरवयाचेही तसेच आहे. ही निसर्गाची देणगी नसून समाजाने काही मुलांना दिलेली आणि काहींना नाकारलेली मुदत आहे, आणि म्हणून हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा व पालकांच्या व्याख्यानमालांचा न राहता राजकारणाचा होतो.

सातारा जिल्ह्याला याचा अनुभव जुना आहे. सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातील नायगावच्या. १८४० साली वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. एकोणपन्नास वर्षांत कायद्याने मुलीला चार वर्षांची मुदत दिली, असे म्हणता येईल. ती चार वर्षे तिने कोठे आणि कशी घालवावी, याची व्यवस्था मात्र कायद्याने केली नाही.

ती व्यवस्था, निदान मुलांपुरती, एका माणसाने करून दाखवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. १९२७ साली गांधीजींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीला बसत, स्वयंपाक आणि झाडलोट स्वतः करत, शेतात राबत आणि शिकत. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले, ही हकीकत साताऱ्यात घरोघर सांगितली जाते. ती सांगताना त्यागाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दागिन्यांतून विकत काय घेतले गेले, हे सहसा कोणी सांगत नाही. शेतमजुराच्या आणि लहान शेतकऱ्याच्या मुलाला घरापासून दूर, बरोबरीच्या पोरांत, बापाच्या देण्यातून मोकळी अशी पाच-सहा वर्षे मिळाली. एरिक्सन यांनी आपला सिद्धांत मांडण्याच्या पुष्कळ आधी कर्मवीरांनी ती मुदत भाकरीच्या रूपात दिली होती. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत श्रम होते, घाम होता. पण त्या श्रमाचे फळ राबणाऱ्या मुलाच्याच शिक्षणाला लागत होते. बालमजुरी आणि कर्मवीरांची श्रमप्रतिष्ठा यांतला भेद एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

याच भूमीवर १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार उभे राहिले. सातारा आणि सांगली तेव्हा एकच जिल्हा होता. १९४९ साली त्याचे उत्तर व दक्षिण असे भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचा सांगली झाला. तुफान सेनेचे पुढारी जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हे १९४२ साली वीस वर्षांचे होते. नाना पाटलांची मुलगी हौसाबाई त्यांच्याहूनही लहान. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातील शस्त्रे पळवावयाची होती तेव्हा सहकाऱ्याशी खोटे भांडण काढून पोलिसांना गुंतवून ठेवण्याचे काम या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने केले. तिच्यावर कोणी विश्वास टाकला आणि तो तिने सार्थ केला, इतकी साधी ही गोष्ट आहे. चळवळीने या पोरांवर धोका लादला, हेही खरे. मारहाण, तुरुंग, घरावर जप्ती यांतून त्यांची कोवळी वर्षे करपली, आणि नंतरच्या सत्कार-समारंभांत त्याचा उल्लेख होत नाही. तरीही मूल्ये ठरवणे आणि समाजाच्या कामात उतरणे ही दोन कार्ये पुस्तकाबाहेर कशी पार पडतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुले-मुली एकत्र खेळत व गात, हेही त्या काळच्या खेड्यात लहान बंड नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सहकार आला. ज्या कुंडल-वाळव्यातून प्रतिसरकार लढले, तेथेच ‘क्रांती’ आणि ‘हुतात्मा’ हे कारखाने त्याच लढवय्यांनी उभे केले. रेठरे, सांगली, साखराळे येथेही कारखाने निघाले. उसाच्या पैशातून हायस्कुले, महाविद्यालये, वसतिगृहे झाली आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या दोन पिढ्यांना ती मुदत मिळाली, मुलींनासुद्धा. हे यश कोणीही नाकारू नये. परंतु ऊस तोडण्यासाठी जी माणसे लागली ती दुष्काळी मुलखातून आणली गेली, आणि सहकाराच्या हिशेबात त्यांच्या मुलांना जागा नव्हती.

या व्यवस्थेची घडण नीट पाहिली पाहिजे, कारण तिच्यातच किशोरवयाचा निकाल लागतो. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. उचल माणसाला नव्हे, कोयत्याला मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. एकट्या पोराला किंवा पोरीला अर्धा कोयता. म्हणजे पोराचे लग्न झाले की घरात एक पूर्ण कोयता वाढतो आणि नवी उचल हाती येते. दुसरीकडे, वयात आलेली मुलगी गावी ठेवावी तर तिला सांभाळणारे कोणी नाही, बरोबर न्यावी तर उसाच्या फडात आणि कोपीत तिच्या अब्रूची चिंता. बापाच्या या दोन्ही अडचणींवर एकच तोड निघते: हंगामापूर्वी तिचे लग्न. बालविवाह हा अज्ञानाचा परिणाम आहे, अशी समजूत बाळगून प्रबोधनाची पत्रके वाटणाऱ्यांनी, आणि त्यांत समाजवादी कार्यकर्तेही आले, हा हिशेब एकदा मांडून पाहावा. बाप अडाणी नसतो. त्याला आकडे उत्तम कळतात.

ज्या मुलीचे लग्न झालेले नसते तिची स्थिती फार वेगळी नसते. पहाटे भाकरी थापणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, मग फडात मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून नेणे. न्हाणीघर नाही, आडोसा नाही, पाणी लांब. पाळीच्या दिवसांत बाईने काम चुकवले तर खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. या खाड्याच्या भीतीनेच बीड जिल्ह्यात तरुण स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याची प्रकरणे गाजली आणि २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘बदललेले शरीर आपले म्हणून स्वीकारणे’ हे विकासकार्य या फडात कसे पार पाडावयाचे, हे हॅविगहर्स्ट यांच्या यादीत नाही. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी संपतो. २०१६ साली दुरुस्त झालेला बालमजुरीचा कायदा चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोकादायक ठरवलेल्या कामांपासून दूर ठेवतो. ज्या चार वर्षांत मुदतीची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच चार वर्षांवर कायद्याचे छप्पर फाटके आहे.

दुष्काळ केवळ बीडला आहे असेही नाही. खानापूर, आटपाडी आणि माण-खटावच्या मुलखातील कितीतरी मुले मिसरूड फुटण्याआधीच एखाद्या नातेवाइकाबरोबर सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी दूरदेशी गेली; पाटण-जावळीची मुंबईच्या गोद्यांत ओझी वाहावयास गेली. त्यांतील काहींनी पुढे गावात बंगले बांधले. भट्टीच्या आणि आम्लाच्या धुरात गेलेल्या वर्षांविषयी ती माणसे फारशी बोलत नाहीत.

आणि ज्यांना मुदत मिळाली, त्या बागायतदाराच्या आणि नोकरदाराच्या मुलांचे काय? त्यांची वर्षे शिकवणी वर्ग आणि भरतीपूर्व अकादम्या यांच्याकडे गहाण पडली आहेत. मुलगा-मुलगी बसथांब्यावर बोलताना दिसली की गावाच्या भुवया चढतात. सतरा वर्षांच्या मुलीने परजातीच्या मुलावर प्रेम केले की घरच्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा आठवतो. त्याच मुलीचे त्याच वर्षी जातीतल्या मुलाशी लग्न ठरवताना मात्र २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आठवत नाही. राजकीय पक्षांना ही मुले हवी असतात ती मोटारसायकलींच्या फेरीसाठी आणि फलकावरील छायाचित्रांसाठी. हौसाबाईंना चळवळीने काम दिले होते. आजचा पुढारी पोरांना पेट्रोल देतो. सेवा दलाची शाखा ज्या मैदानावर भरत असे ते मैदान पुष्कळ गावांत रिकामे पडले आणि तेथे दुसऱ्यांच्या शाखा आल्या, याचा दोष केवळ त्या दुसऱ्यांना देऊन भागणार नाही.

राज्य सरकारने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृह योजना जाहीर केली; ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, निम्मी मुलींची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावयाचे ठरले. मागणी योग्य होती आणि ती मान्य झाली, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय चळवळीने सोडली पाहिजे. वसतिगृह भाड्याच्या इमारतीत, शिबंदीविना चालले तर बाप मुलीला तेथे ठेवणार नाही, आणि त्याचे चूक आहे असेही म्हणता येणार नाही. त्याहून मूळचा घाव कोयत्यावर घालावा लागेल: उचल आणि मजुरी जोडीला न देता प्रत्येक प्रौढ कामगाराला त्याच्या वा तिच्या नावे, तिच्याच खात्यात. लग्नाने उचल वाढत नाही असे झाले की हंगामापूर्वीच्या लग्नांतील निम्मा अर्थ संपेल.

यासाठी बीडला जाण्याची गरज नाही. सातारा-सांगलीच्या कारखान्यांचे सभासद पक्षाच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, काही ठिकाणी संचालकही आहेत. सप्टेंबरअखेरपर्यंत कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरतात. तेथे उतारा किती, गाळप किती, दर किती यांवर तासन्‌तास वाद होतो. गेल्या हंगामात आपल्या कारखान्याच्या टोळ्यांत अठरा वर्षांखालील किती मुले-मुली होत्या, त्यांपैकी किती जवळच्या शाळेत बसली, किती मुलींची लग्ने झालेली होती आणि मुकादमाशी करार करताना वयाचा दाखला पाहिला गेला काय, हे चार प्रश्न लेखी देऊन उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेणे कोणत्याही सभासदाला शक्य आहे.