पंप रुसला? वाट धरून चला!

दोस्तहो, मामाच्या गावाला जायचं म्हणून सगळे तयार. बॅगा डिकीत गेल्या, आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, मागचं चाक बसलंय!" बाबांनी छोटा हवेचा पंप काढला, वायर लावली, बटण दाबलं. पंप गप्प! मग कुणी त्याला चापट मारतं, कुणी वायर हलवतं, कुणी म्हणतं, "बिघडला, फेकून द्या तो!"

थांबा! आधी आपण डॉक्टर होऊ या. डॉक्टर आल्याआल्या सुई टोचतात का? आधी तपासतात, नाही का?

आता नीट ऐका हं. या पंपाच्या दोन वाटा असतात. गाडीकडून पंपाकडे वीज येते आणि पंपाकडून टायरकडे हवा जाते. बिघाड या वाटांवरच कुठंतरी दडून बसलेला असतो. म्हणून सुरुवातीपासून निघायचं आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर पंप कदाचित सुरू होईल. पण खोड कशात होती ते कळणारच नाही.

पहिली तपासणी कानाने. पंपाचा आवाज येतो का?

आवाजच नाही, तर विजेची वाट धरा. पुष्कळ गाड्यांत किल्ली फिरवल्याशिवाय सॉकेटमध्ये वीज येत नाही. किल्ली फिरवली? प्लग आतपर्यंत बसला? मग त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहा. चार्जरही चालला नाही, तर गाडीचा फ्यूज गेला असण्याचा संभव जास्त. चार्जर चालला, तर पंपाचा प्लग पाहायचा. कित्येक प्लगचं टोक फिरवलं की उघडतं. आत काचेची इवलीशी नळी असते, तिच्यातली बारीक तार तुटली असेल तर चोर सापडला! तोच फ्यूज.

फ्यूज बदलायचं काम मात्र मोठ्या माणसांचं, बरं का. जितक्या अँपिअरचा होता तितक्याच अँपिअरचा नवा घालायचा. जाड तार किंवा चॉकलेटची चांदी अडकवायची नाही. फ्यूज स्वतः जळतो आणि वायरींना जळू देत नाही. तो पहारेकरीच काढून टाकला, तर आग लागायला वेळ लागणार नाही. आणि पंपासाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर गाडी उघड्यावर हवी. बंद जागेत इंजिनाचा धूर जीवघेणा ठरतो.

आता दुसरी गोष्ट. पंप घरघरतोय, पण चाक काही फुगत नाही. मग हवेची वाट धरा. व्हॉल्व्हपाशी "फुस्स" ऐकू येतं का? पाइपचं टोक नीट बसलेलं नसेल. काढा, सरळ दाबून पुन्हा बसवा, खटका पक्का करा. तरीही फुस्स? टोकाच्या आतलं रबर झिजलं असेल. पाइपला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले, तिथं चीर आहे. काहीच सापडलं नाही, तर पंप स्टेपनीला लावून पाहा. स्टेपनी भरली, म्हणजे पंप ठणठणीत. आजारी आहे तो टायर! (गंमत सांगू? 'स्टेपनी' हे नाव वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं जादा चाकं बनवत.)

पंप मध्येच थांबला, तर तो तापला असेल. हवा दाबली की गरम होते. पंपाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तेवढा वेळ त्याला विश्रांती द्या, आणि पितळी टोकाला हात लावू नका.

आकडा वाचताना पंप बंद करा. चालू पंपाचा काटा पाइपातला दाब दाखवतो, तो टायरपेक्षा जास्त असतो. किती हवा भरायची ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेलं असतं. पुष्कळ छोट्या गाड्यांत ते 30 ते 35 पीएसआय असतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा. तेवढी हवा भरायची नाही. आणि मोजायचं ते टायर थंड असताना.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भरलेली हवा दहा मिनिटांत पुन्हा उतरली, किंवा टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर पंपाचं काम संपलं. त्या चाकावर निघायचं नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, वाकतो आणि तापतो. समृद्धी महामार्गासारख्या वेगाच्या रस्त्यावर तो फुटू शकतो. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ हळूहळू, उशीर होतोय." तेव्हा तुम्ही सांगायचं, "बाबा, आधी स्टेपनी लावू या." मामा तासभर थांबेल हो!

आता तुमच्यासाठी गृहपाठ. सायकलच्या उभ्या पंपाच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि दांडा खाली ढकला. दांडा परत वर उसळला, तर आतला वायसर चांगला. नुसताच खाली गेला, तर चामड्याचा वायसर सुकला असेल. त्यावर तेलाचे दोन-चार थेंब सोडा आणि पुन्हा करून पाहा. आधी काय झालं, नंतर काय झालं, दोन्ही वहीत लिहा. पण लक्षात आहे ना? एका वेळी एकच बदल!