विश्लेषण : रंगीत पडदा नाकारणारा अभियंता! ‘गेम बॉय’चे जनक गुनपेई योकोई यांच्या सूत्राचा अर्थ अर्धाच का लावला जातो?

नवा फोन बाजारात आला की चर्चा सुरू होते ती आकड्यांची. प्रोसेसर कोणता, रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा. या हिशेबात १९८९ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने आणलेले एक हातात मावणारे खेळयंत्र सपशेल नापास झाले असते. त्याच्या पडद्याला रंग नव्हते, मागून प्रकाश नव्हता, आतला प्रोसेसर त्या काळातही जुनाट म्हणावा असा होता. तरीही ‘गेम बॉय’ आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून जगभरात ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. हे यंत्र ज्यांच्या विभागात तयार झाले, त्या गुनपेई योकोई यांचे एक सूत्र आज व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हमखास ऐकू येते : जुने, स्वस्त तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. सूत्र खरे आहे. पण ते अर्धेच सांगितले जाते आणि उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. त्याचा पुरावा योकोई यांच्या सर्वांत मोठ्या यशात सापडतो आणि सर्वांत मोठ्या अपयशातही.

पत्ते छापणाऱ्या कारखान्यात अभियंता कशाला?

योकोई यांचा जन्म १९४१ मध्ये क्योटोचा. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन १९६५ मध्ये ते निन्टेंडोत रुजू झाले. त्या वेळी निन्टेंडोचा व्हिडीओ गेमशी काही संबंध नव्हता. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवत असे. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, हे योकोई यांचे काम. थोडक्यात, मेंटेनन्स. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या कुणालाही विचारा, नोकरीच्या यादीत हा शब्द किती खाली असतो ते कळेल.

काम फारसे नव्हते, यंत्रे हाताशी होती. रिकाम्या वेळेत योकोई यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणे बनवले. कात्रीसारख्या एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या, त्यांच्या टोकाला चिमटा. मूठ दाबली की हात लांब जातो आणि समोरची वस्तू पकडतो. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते पाहिले आणि योकोई यांना बोलावून घेतले. कामाच्या वेळेत खेळतो म्हणून खरडपट्टी निघेल, असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात यामाउची यांनी त्याचे विकता येईल असे उत्पादन करायला सांगितले. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त विकला गेला. यंत्रांना तेलपाणी करणारा अभियंता खेळणी तयार करू लागला.

पुढच्या काही वर्षांतली त्यांची खेळणी बारकाईने पाहायला हवीत. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ म्हणजे खरे तर सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारे साधे गॅल्व्हॅनोमीटर, शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसले. मुलगा आणि मुलगी यांनी एकेक टोक हातात धरायचे आणि मोकळ्या हाताने एकमेकांचा हात धरायचा. सर्किट पूर्ण होते, काटा हलतो, ‘प्रेम’ मोजले जाते. काट्याला प्रेमातले काही कळत नाही, हे योकोई यांना ठाऊक होते. तरुण मुलामुलींना हात धरायला निमित्त हवे आहे, हेही ठाऊक होते. त्यांनी विकले ते निमित्त.

दुसरे उदाहरण ‘लेफ्टी आरएक्स’ या रिमोटवरच्या गाडीचे. तेव्हा अशा गाड्या महाग होत्या, कारण प्रत्येक हालचालीसाठी वेगळा रेडिओ चॅनेल लागे. योकोई यांनी एकच चॅनेल ठेवला. गाडी सरळ जाई किंवा डावीकडे वळे, उजवीकडे वळतच नसे. गोल ट्रॅकवर शर्यत लावायची तर उजवीकडे वळायचे कशाला?

आगगाडीतला तो प्रवासी

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. शिंकान्सेन या जपानी वेगवान गाडीतून प्रवास करताना योकोई यांना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो खिशातला कॅल्क्युलेटर काढून उगाचच बटणे दाबत बसला होता. मोबाइल यायला अजून बराच अवकाश होता. प्रवासात वेळ घालवण्यासाठी लहानसा खेळ असावा, हे योकोई यांच्या मनात आले ते तिथे. हे सगळेच सांगतात. पण त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. मोठ्या माणसाला चारचौघांत खेळताना लाज वाटते. म्हणून यंत्र मांडीवर, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरता यावे आणि शेजारच्याला पटकन दिसू नये, असे त्यांनी ठरवले.

एकदा यामाउची यांचा चालक आजारी असल्याने त्यांची गाडी चालवायची वेळ योकोई यांच्यावर आली. चालवता चालवता त्यांनी ही कल्पना सांगितली. यामाउची फारसे काही बोलले नाहीत. पण त्या दिवशीच्या बैठकीत त्यांची गाठ शार्प कंपनीच्या प्रमुखांशी होती. काही दिवसांतच शार्पची माणसे निन्टेंडोत येऊन पोहोचली.

शार्पच का, तर त्या काळात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून जुंपली होती. दोघांच्या चढाओढीत एलसीडी पडदा आणि आतली चिप स्वस्त होत गेली. कॅल्क्युलेटरवर आठचा आकडा सात लहान रेघांनी बनतो. काही रेघा उमटल्या, काही लपल्या की दुसरा आकडा दिसतो. योकोई यांच्या चमूने रेघांऐवजी माणसाचे, चेंडूचे, हाताचे आकार ठेवले. एक आकार लपतो, शेजारचा उमटतो आणि चेंडू उडाल्यासारखा वाटतो. हलत काहीच नाही. १९८० मध्ये आलेली ही ‘गेम अँड वॉच’ मालिका, फावल्या वेळी घड्याळाचे काम करणारी, एकूण सुमारे ४ कोटी ३४ लाख विकली गेली.

याच मालिकेतल्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’ने जगाला आणखी एक वस्तू दिली. या खेळात नायकाला चारही दिशांना न्यावे लागते, पण घडी घालून खिशात ठेवायच्या यंत्रावर उभी जॉयस्टिक बसणार कशी? योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराची सपाट कळ बसवली. मध्यभागी टेकू असल्याने ती एका वेळी एकीकडेच कलते. डावे आणि उजवे एकदम दाबले जात नाही. नजर पडद्यावर राहते, दिशा अंगठ्याला कळते. पुढच्याच वर्षी ही कळ निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या ‘फॅमिकॉम’वर गेली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे सुट्टीत मुले टीव्हीला जोडून जे कार्ट्रिजचे व्हिडीओ गेम खेळत, त्यांतले बरेचसे फॅमिकॉमच्या नकला होत्या. डाव्या अंगठ्याखालची ती अधिक चिन्हाची कळ योकोई यांचीच. आज फोनच्या काचेवर बोटांखाली उमटणारी चार दिशांची आकृतीही तिचीच सावली.

(मारिओचे निर्माते म्हणून जगप्रसिद्ध असलेले शिगेरू मियामोतो यांच्या १९८१ च्या मूळ ‘डाँकी काँग’वर देखरेख करणारे वरिष्ठही योकोईच होते. शिष्याचे नाव घरोघरी पोहोचले, गुरूचे मात्र शौकिनांपुरतेच राहिले.)

‘मुरलेले’ तंत्रज्ञान म्हणजे काय?

योकोई आपल्या पद्धतीला ‘कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको’ म्हणत. इंग्रजीमार्फत येताना ‘कारेता’चे ‘सुकलेले’ झाले आणि टाकाऊ मालाचा वास त्याला चिकटला. जपानी अभियंते हा शब्द वेगळ्या छटेने वापरतात : वापरून वापरून ज्यातले दोष निघून गेले आहेत, जे भरपूर बनते म्हणून स्वस्त आहे आणि ज्याचे वागणे सगळ्यांना ठाऊक आहे असे. लोणचे मुरते तसे. शब्दप्रयोगाचा दुसरा भाग ‘आडवा विचार’. म्हणजे ते मुरलेले तंत्रज्ञान नेहमीच्या वाटेवरून उचलून भलत्याच जागी नेऊन ठेवणे.

‘गेम बॉय’ हे याचे ठळक उदाहरण. १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा, हिरवट करड्या रंगाच्या चार छटा, चार पेन्सिल सेल. पुढे आलेल्या अटारी ‘लिंक्स’ आणि सेगा ‘गेम गिअर’ या दोन्हींत रंगीत, उजळलेला पडदा होता. शेजारी ठेवून पाहिले तर गेम बॉय केविलवाणाच दिसे. पण त्या दोघांना सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत मान टाकत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या पुढे सहज चाले. अमेरिकेत लिंक्सची किंमत १८० डॉलरच्या घरात होती, गेम बॉयची ९० डॉलर. शिवाय सेलचा खर्च आईबापांच्या खिशातून व्हायचा, हेही लक्षात घ्यायला हवे.

रंगांविषयी योकोई यांचे म्हणणे सोपे होते. फळ्यावर खडूने दोन वर्तुळे काढून ‘हा बर्फाचा माणूस’ म्हटले की पाहणाऱ्याला बर्फाचा पांढरेपणा जाणवतो. खेळात मन रमले की रंग डोक्यात भरले जातात, असा त्यांचा विश्वास होता. गेम बॉयसोबत अमेरिकेत दिल्या गेलेल्या ‘टेट्रिस’ने तो खरा ठरवला. वरून पडणाऱ्या विटांना रंग नसल्याची तक्रार कुणी केली नाही.

इथे श्रेयाचा एक हिशेब नीट मांडायला हवा. गेम बॉयची प्रत्यक्ष जुळणी करणाऱ्या चमूत सातोरू ओकादा हे महत्त्वाचे अभियंता होते. योकोई यांच्या डोळ्यांसमोर ‘गेम अँड वॉच’सारखेच साधे, स्वस्त खेळणे होते; अनेक वर्षे टिकेल, बाहेरच्या कंपन्यांनाही खेळ बनवता येतील असे यंत्र हवे म्हणून आपण भांडलो, असे ओकादा यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे. योकोई यांनी अखेर ते मान्य केले. म्हणजे स्वस्ताईच्या आग्रहालाही कुणीतरी हटकणारे लागते. गेम बॉय दोघांच्या ओढाताणीतून घडला आणि म्हणूनच टिकला.

मग ‘व्हर्च्युअल बॉय’ का फसला?

१९९५ मध्ये निन्टेंडोने ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. त्रिमितीय दृश्य दाखवणारे, योकोई यांच्याच देखरेखीखाली तयार झालेले यंत्र. ते जेमतेम ७ लाख ७० हजार विकले गेले आणि वर्षभरात गुंडाळावे लागले. त्यासाठी जपान आणि अमेरिका मिळून अवघे २२ खेळ निघाले.

सर्वसाधारण स्पष्टीकरण असे की योकोई या वेळी स्वतःचे सूत्र विसरले आणि भविष्यातल्या तंत्रज्ञानामागे धावले. हे पटत नाही. आत काय होते ते पाहावे : प्रत्येक डोळ्यासाठी लाल एलईडींची एक उभी रांग आणि वेगाने हलणारा आरसा. आरसा त्या रांगेचा प्रकाश आडवा पसरवतो आणि चित्र तयार होते. लाल एलईडी १९६० च्या दशकापासूनचा, स्वस्त, कमी वीज खाणारा. प्रखर निळा एलईडी तेव्हा नुकताच आला होता आणि महाग होता, म्हणून सगळे खेळ लाल-काळे. सूत्राप्रमाणे तंत्रज्ञान पुरेसे मुरलेले होते.

चुकला तो माणसाचा अंदाज. डोक्यावर बांधायच्या मूळ कल्पनेतून सुरक्षिततेच्या काळजीपोटी मेजावर ठेवायचे, तिवईवरचे जड यंत्र तयार झाले. खेळणाऱ्याने पुढे वाकून त्यात तोंड खुपसायचे. मानेला रग, डोळ्यांना ताण, थोड्या थोड्या वेळाने विश्रांती घेण्याची आठवण करून देणारी सोय आणि लहान मुलांसाठी इशारा. आगगाडीतल्या ज्या माणसाला खेळताना इतरांनी पाहू नये असे वाटत होते, त्याच्यासमोर आता असे यंत्र आले की ज्यात तो सगळ्यांना दिसेल आणि त्याला मात्र कुणीच दिसणार नाही. ‘लव्ह टेस्टर’ला दुसऱ्याचा हात लागे, इथे शेजारी बसलेल्या मित्राला पाहायलाही काही नव्हते.

योकोई यांच्या सूत्राचा विसरला गेलेला अर्धा भाग हा आहे. स्वस्त सुटे भाग कुणीही गोळा करू शकतो. निन्टेंडोच्या स्पर्धकांकडेही तेच पडदे आणि त्याच चिप होत्या. कॅल्क्युलेटरशी चाळा करणारा कंटाळलेला माणूस मात्र लाखोंनी पाहिला असेल, लक्षात एकाच्याच आला. चेहरा झाकणारे चष्मे विकू पाहणाऱ्या आजच्या कंपन्या व्हर्च्युअल बॉयकडून पडद्याचा दर्जा सुधारण्याचा धडा घेतात. सोफ्यावर शेजारी बसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न तीस वर्षांनंतरही बाजूलाच राहिला आहे.

पुढे काय झाले?

१९९६ च्या ऑगस्टमध्ये योकोई यांनी ३१ वर्षांची नोकरी सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावे लागले, ही कथा अजूनही फिरते. त्यांनी स्वतः ती नाकारली होती; पन्नाशीच्या आसपास बाहेर पडून स्वतःचे काहीतरी करायचे, हे आधीपासून मनात होते, असे त्यांचे म्हणणे. जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची लहान, हलकी ‘पॉकेट’ आवृत्ती पूर्ण केली आणि क्योटोतच ‘कोतो’ ही आपली छोटी कंपनी काढली.

तिथे बांदाई या खेळणी कंपनीसाठी एका नव्या हातयंत्रावर काम सुरू झाले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी योकोई एका सहकाऱ्याच्या गाडीतून इशिकावा प्रांतातल्या होकुरिकू द्रुतगती मार्गावरून जात होते. त्यांची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीची धडक त्यांना बसली. त्यांचे वय ५६ होते.

‘वंडरस्वान’ हे त्यांचे यंत्र मार्च १९९९ मध्ये ४,८०० येनला बाजारात आले. तोपर्यंत गेम बॉयलाही रंग आले होते. वंडरस्वानचा पडदा मात्र कृष्णधवल होता आणि ते एका पेन्सिल सेलवर तीस तासांहून अधिक चाले. उभे धरले तरी चाले, आडवे धरले तरी चाले. त्याच्यासोबत आलेल्या कोड्याच्या एका खेळाचे नाव होते ‘गुनपेई’.